समुद्रकाठच्या हॉटेलात आर्टिस्ट रेसिडेन्सी: जाण्याआधी काय विचारायचं, गेल्यावर काय करायचं

प्रश्न: ताई, मी देवगडची. जलरंगात काम करते, थोडं मातीकामही शिकले आहे. मालदीवमधल्या एका रिसॉर्टकडून सहा आठवड्यांच्या आर्टिस्ट रेसिडेन्सीचं बोलावणं आलंय. राहणं, जेवण आणि विमानाचं तिकीट त्यांचं. तिथल्या प्रवाळांवर चित्रं करायची, शेवटी प्रदर्शन भरवायचं आणि विक्रीतला काही भाग प्रवाळ संवर्धनाला द्यायचा, असं पत्रात आहे. मला पोहता येत नाही. जावं का? आणि माझ्या चित्रांचा प्रवाळाला खरंच काही उपयोग होतो का?

उत्तर:

तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, म्हणजे पहिल्याचं उत्तर आपोआप येईल.

मी सिरॅमिकचं काम करते, पुण्यात माझी भट्टी आहे. समुद्रकाठच्या हॉटेलांत अशा तीन रेसिडेन्सी केल्या. दोन मालदीवमध्ये, एक बालीच्या उत्तर किनाऱ्यावर. कुठे प्रवाळाच्या पदरात काही पडलं आणि कुठे नाही, याचा हिशेब मांडला तर माझं काम चांगलं झालं की वाईट यावर ते ठरलं नव्हतं. हॉटेलनं मला कुणाच्या हवाली केलं होतं, त्यावर ठरलं. पहिल्या खेपेला मी मार्केटिंगवाल्यांच्या ताब्यात होते. दुसऱ्या खेपेला पहिल्याच दिवशी मरीन बायोलॉजिस्टच्या, म्हणजे समुद्री जीवांच्या अभ्यासकाच्या खोलीत, वाळत घातलेल्या वेटसूटांच्या शेजारी, मला एक टेबल मिळालं. त्यामुळे त्यांच्या पत्राला उत्तर देताना सगळ्यात आधी हे विचार: रोज सकाळी मी कुणाला भेटायचं? तुमच्याकडे मरीन बायोलॉजिस्ट नेमलेला आहे का, आणि आठवड्यातले किती दिवस मी त्याच्या टीमबरोबर असेन? सरळ उत्तर आलं तर खुशाल जा. नुसतंच 'पाहुण्यांना अनुभव', 'ब्रँडची कहाणी' असं काही आलं, तर अजून बोलणी करावी लागतील.

पहिल्या खेपेचं सविस्तर सांगते, कारण ती चूक तू करू नयेस असं मला फार वाटतं.

एप्रिल २०१६. पाणी अंगाला कोमट लागत होतं. मला स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पोहणं, येत होतं, पण प्रवाळाबद्दल वाचन जवळपास काहीच नव्हतं. जेट्टीच्या डाव्या हाताला पुरुषभर पाण्यात फांद्यांच्या प्रवाळाचा एक पट्टा होता. त्यातल्या काही फांद्यांचा जांभळा-निळा रंग असा होता की तासभर मी तिथून हलले नाही. आत दिवा लावावा तसा रंग. खोलीवर येऊन वही भरली. तिथल्या स्टुडिओत एक छोटी इलेक्ट्रिक भट्टी होती. त्या रंगाच्या जवळ जाणारं ग्लेझ (मातीच्या वस्तूवरचा काचेसारखा लेप) सापडेपर्यंत तुकडे भाजत राहिले आणि बारा थाळ्या केल्या. हॉटेलनं त्या लॉबीत मांडल्या, खाली पाटी लावली: रीफच्या (प्रवाळाच्या खडकाच्या) आनंदाचे रंग, अशा अर्थाची.

प्रदर्शनाला शेजारच्या बेटावरची एक मरीन बायोलॉजिस्ट आली होती. ती थाळ्यांपुढे बराच वेळ उभी राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "हा रंग तापातला आहे."

प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या इवल्याशा प्राण्यांची वसाहत. पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं पॉलिपला मिळतं. प्रवाळाचा नेहमीचा तपकिरी, मातकट, शेवाळी रंग या भाडेकरूचा असतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानं जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. काही जातींची प्रवाळं पांढरी पडण्याच्या वाटेवर चकाकणारी रंगद्रव्यं भरमसाट तयार करतात. कडक उन्हापासून स्वतःला वाचवायचा तो प्रयत्न असतो. मी दिवा समजून रंगवत बसले होते ती त्या प्राण्याची जगण्याची धडपड होती. दोन आठवड्यांत त्या फांद्या पांढऱ्याफटक झाल्या, आणि मी परतीला निघाले तेव्हा त्यांच्यावर हिरवट-तपकिरी लव चढली होती. लव चढली की त्या फांदीचं संपलं. थाळ्या तोवर विकल्या गेल्या होत्या. कुठल्यातरी जेवणघराच्या भिंतीवर तो रंग आजही आनंदाचा म्हणून टांगलेला असेल, याचा मला त्रास होतो.

त्या वर्षी मालदीवमध्ये झालेल्या पाहणीत ६० टक्क्यांहून अधिक प्रवाळ ब्लीच झालेलं आढळलं. त्याआधी १९९८ च्या एल निनोत उथळ पाण्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रवाळ मेलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची अधिकृत घोषणा झाली. म्हणजे तू जाशील तेव्हा जी रीफ पाहशील, ती यातून वाचलेली किंवा नंतर नव्यानं वाढलेली असेल. हे डोक्यात ठेवून बघ. मालदीवची बेटंच्या बेटं प्रवाळाची आहेत. पायाखालची पांढरी वाळूसुद्धा झिजलेलं प्रवाळ आणि पोपटमाशांनी खाऊन बाहेर टाकलेला त्याचा चुरा. एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि बेटाभोवती त्याची 'हाऊस रीफ', अशी तिथली पद्धत. लाटांचा जोर ती रीफच मोडते. ती गेली तर हॉटेलच्या खोल्यांपुढचा किनाराही जातो. त्यामुळे संवर्धनात हॉटेलचा स्वार्थ आहेच, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. तो स्वार्थ ओळखून बोलणी केलीस तर तुझं म्हणणं लवकर ऐकलं जाईल.

आता दुसरी खेप, २०१९. तिथे सकाळी सहाला आम्ही पाण्याच्या काठावर असायचो. मालदीवच्या बऱ्याच रिसॉर्टमध्ये प्रवाळ लावण्याची जी पद्धत आहे तीच तिथे होती: लोखंडी सळ्या वेल्ड करून कोळ्यासारखा सांगाडा करायचा, त्याला राळेचा थर देऊन वर वाळू चिकटवायची, आणि त्यावर प्रवाळाच्या फांद्या बांधायच्या. फांद्या शक्यतो आधीच तुटून पडलेल्या घ्यायच्या, नाहीतरी त्या वाळूत लोळून मरतातच. बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे कड्यासारखा बेटांचा समूह) लांडा गिरावारु बेटावर हे काम २००५ पासून चालू आहे.

माझ्याकडे बांधायचं काम आलं. बोटाएवढी फांदी, एक केबल टाय (आवळायची प्लॅस्टिकची पट्टी), सळईवर घट्ट आवळायचं, शेपूट कटरनं कापायचं आणि कापलेलं प्रत्येक शेपूट खिशात टाकायचं. सैल राहिलं तर फांदी लाटेबरोबर हलते आणि कधीच चिकटत नाही. माझ्या पहिल्या तीस-चाळीस फांद्या टीममधल्या मुलानं न बोलता पुन्हा आवळल्या. आपल्याला हाताची सवय असते, त्यामुळे दोन दिवसांत जमतं. काही दिवसांनी मी बांधलेल्या फांद्या बघायला गेले तर टोकं पांढरी! माझ्या पोटात गोळा आला. मी धावत, खरं तर पोहत, बायोलॉजिस्टला गाठलं. तो म्हणाला, नीट बघ, फक्त टोक पांढरं आहे ना? फांदी तिथूनच वाढते. टोकाचा पॉलिप इतक्या वेगानं नवा सांगाडा रचत असतो की शैवाल अजून तिथवर पोचलेलं नसतं. तीन वर्षांपूर्वी झगझगीत रंगाला मी जीव समजले होते, आणि इथे पांढरं टोक बघून मरण. हे कुणी शेजारी उभं राहून दाखवल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच तुला टेबल कुठे मिळतं याबद्दल मी इतकं बोलतेय.

त्या सहा आठवड्यांत चित्रं, थाळ्या कमी झाल्या. सांगाड्यांवरचं शेवाळ दात घासायच्या ब्रशनं काढलं. ड्रुपेला नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी फांद्यांच्या बेचक्यांत दडून मांस खातात. त्या चिमट्यानं वेचल्या, डबाभर. प्रत्येक सांगाड्याला नंबराचा बिल्ला असतो आणि ठरावीक महिन्यांनी त्याचा फोटो काढतात. मी सतरा नंबरचा एकच सांगाडा धरून रोज त्याचं चित्र काढलं. एकाच जागेचं चित्र काढत राहण्यात मोठा फायदा आहे: तिसऱ्या आठवड्यात मला दिसलं की केबल टायच्या एका कडेवर प्रवाळ चढायला लागलंय, प्लॅस्टिक गिळायला लागलंय. टीमलाही ते माझ्या वहीत दिसलं. त्या वहीतली पानं प्रदर्शनात मांडली, शेजारी त्याच सांगाड्याचे टीमनं काढलेले फोटो. विकली गेली ती पानंच. पाहुण्यांना सतरा नंबर प्रत्यक्ष पोहत जाऊन बघता येत होता ना!

इतकं सांगूनही एक गोष्ट लपवणार नाही. सांगाड्यांवर प्रवाळ लावून महासागर थंड होत नाही. पाणी तापलं की लावलेल्या फांद्याही नैसर्गिक फांद्यांसारख्याच मरतात, आणि फांद्यांचं प्रवाळ तर आधी. त्यातून उष्णतेला टिकणारी प्रवाळं ओळखता येतात, माणसं शिकतात, मोडलेल्या जागी माशांना आसरा मिळतो. हे थोडं नाही, पण हॉटेलच्या पत्रकात 'आम्ही रीफ वाचवली' असं वाक्य तुझ्या तोंडी घातलं जाणार असेल, तर ते कापायला सांग. मी कापायला लावलं होतं. त्यांनी ऐकलं.

पैशाचं बोलू. 'विक्रीतला काही भाग' हे शब्द करारात राहता कामा नयेत. टक्के लिहून घे, आणि ते विक्रीच्या किमतीवर आहेत की नफ्यावर, हेही. समजा चित्र हजार डॉलरला गेलं आणि नफ्याचे वीस टक्के संवर्धनाला ठरलेत. मग फ्रेमिंग, प्रदर्शनाची संध्याकाळ, गॅलरीचं कमिशन असं एकेक वजा होत गेलं की रीफच्या वाट्याला काहीही उरत नाही, आणि कुणी खोटंही बोललेलं नसतं. किमतीवर घे, मग टक्के कमी असले तरी चालतील. पुढचा प्रश्न, पैसे जाणार कुठे? 'संवर्धन निधी' म्हणजे हॉटेलचंच खातं असू शकतं. मी नेमकी वस्तू लिहून मागते: पाण्याचं तापमान नोंदणारी यंत्रं, बोटींनी नांगर टाकू नये म्हणून बांधायचे बोये, किंवा स्थानिक मुलाच्या डायविंगच्या प्रशिक्षणाची फी. काय हवंय ते बायोलॉजिस्टला विचार, त्याच्याकडे यादी तयार असते आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी स्वस्त असतात. सहा महिन्यांनी एक पानाचा अहवाल आणि फोटो पाठवण्याची अटही घाल. चित्रांचा कॉपीराइट तुझाच राहील, हॉटेलला छपाईसाठी वापरायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळा मोबदला, हेही लिही. नाहीतर वर्षभरानं तुझं प्रवाळ त्यांच्या उशांच्या अभ्र्यांवर भेटेल. किती चित्रं तिथे ठेवून यायची, तो आकडाही लिहून घे.

आणि एक प्रश्न विचारायला धीर लागतो, पण विचार: माझ्या मुक्कामात बेटावर वाळू उपसण्याचं किंवा बांधकामाचं काही काम आहे का? एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी वर प्रवाळाच्या चित्रांची कार्यशाळा घेत होते आणि बेटाच्या मागच्या बाजूला किनारा रुंद करायला पंपानं वाळू ओतणं चालू होतं. गाळ दोन दिवस पाण्यात दुधासारखा पसरला होता. प्रवाळावर गाळ बसला की ते गुदमरतं, ऊन अडतं, साफ करण्यातच त्याची शक्ती जाते. मी मॅनेजरला जाऊन सांगितलं की हे थांबेपर्यंत मी पाहुण्यांसमोर संवर्धनावर बोलणार नाही. पंप थांबला नाही, तेव्हा माझी उरलेली दोन भाषणं मी दिली नाहीत. तुला इतकं करावं लागू नये म्हणून आधीच विचार.

व्हिसाचं थोडक्यात: पर्यटक म्हणून जाऊन काम करायचं नाही. तुझ्यासाठी कोणता परवाना काढणार, हे रिसॉर्टकडून लेखी घे.

सामानाबद्दल मात्र नीट ऐक. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. गणपतीची छोटी मूर्ती बॅगेत ठेवायची आपल्याला सवय असते, ती घरी ठेव. येताना प्रवाळाचा तुकडा आणायचा नाही, किनाऱ्यावर पडलेला, मेलेला, पांढरा झालेला असला तरीही. मालदीवमधून प्रवाळ बाहेर न्यायला बंदी आहे, आणि आपल्याकडे रीफ बांधणारं प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. स्टुडिओत संदर्भाला ठेवायचाय ही सबब चालत नाही. चित्रात सगळं येतं, तुकडा लागत नाही.

रंग धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस. बेटावरचं सांडपाणी शेवटी कुठे जातं ते बघायला तू तिथे असशीलच. कॅडमियम, कोबाल्टचे रंग घरी ठेव, ॲक्रिलिक तर मुळात प्लॅस्टिकच आहे. मी दोन बादल्या ठेवते: पहिलीत ब्रश धुवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसरीत काढून पुन्हा वापरायचं, गाळ वाळवून कचऱ्यात द्यायचा. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाल. ऑक्सिबेन्झोन हे सनस्क्रीनमधलं रसायन प्रवाळाला घातक ठरू शकतं म्हणून ते असलेली सनस्क्रीन विकायला हवाईत २०२१ पासून बंदी आहे. शर्ट घातला की हा प्रश्नच येत नाही.

पाण्यात चित्र काढायला डायवर लोक वापरतात तशी पांढरी प्लॅस्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल पुरते. पेन्सिल दोरीनं पाटीला बांध, नाहीतर वर तरंगून जाते आणि हरवते. पाण्याखाली लाल रंग पाचेक मीटरवरच विझायला लागतो, त्यामुळे फोटोवर विसंबून रंगवलंस तर सगळं निळसर येईल. बरोबर छोटी टॉर्च घे. उजेड टाकलास की तेच प्रवाळ विटकरी, गुलाबी, मोहरीसारखं पिवळं दिसतं.

माणसाच्या आकृतीबद्दल सावध राहा, मग ते शिल्प असो वा मोठं भित्तिचित्र. जेसन डिकेअर्स टेलर हा ब्रिटिश शिल्पकार पाण्याखालच्या शिल्पांसाठी जगभर ओळखला जातो. मेक्सिकोत कान्कूनला २००९ पासून त्याच्या शिल्पांचं संग्रहालय समुद्रतळाशी उभं राहिलं. नैसर्गिक रीफवर होणारी पर्यटकांची गर्दी दुसरीकडे वळवायची, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो मला पटतो. त्याच माणसानं २०१८ मध्ये मालदीवच्या सिरु फेन फुशी बेटावर अर्धवट पाण्यात असलेली पोलादी चौकट उभारली, आत माणूस, झाड आणि प्रवाळ यांच्या मिश्र आकृत्या होत्या. मूर्ती इस्लामला मान्य नाहीत असा धार्मिक आक्षेप त्यावर आला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी, पोलिसांनी आकृत्या फोडून काढल्या. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. पण कलाकार हॉटेलच्या बेटावर राहतो आणि देश त्या बेटाबाहेर असतो, हे यातून मी शिकले. शेजारच्या वस्तीच्या बेटावर जा, खांदे आणि गुडघे झाकून जा, आणि तिथल्या लोकांना तुझ्या कल्पना आधी दाखव.

तिथली स्वतःची कला बघितल्याशिवाय काम सुरू करू नकोस. राजधानी मालेला एक दिवस थांब. हुकुरु मिस्की ही जुनी जुम्मा मशीद १६५८ ची आहे, प्रवाळाच्या दगडाची. दगड समुद्रातून काढल्यावर मऊ असताना कापायचा, हवेत वाळवायचा आणि मग कोरायचा. भिंतीला हात लावू नकोस, फक्त जवळून बघ: कोरलेल्या वेलबुट्टीच्या आत प्रवाळाची मूळची छिद्रं दिसतात, हजारो पॉलिपांची घरं. मी तासभर बघत होते. बा अटॉलमधल्या थुल्हाधू बेटावर लाकडावर लाखेचं रंगकाम होतं, लाल, काळं, पिवळं. सावंतवाडीची खेळणी बघत वाढलेल्या तुला ते घरचं वाटेल.

मातीकाम येतं म्हणालीस, तर पाण्यात ठेवायच्या वस्तूंबद्दल. हौसेनं सिमेंटचं शिल्प करून समुद्रात सोडायचं नाही. साधं सिमेंट फार अल्कधर्मी असतं, नव्या जिवांना त्यावर बसणं अवघड जातं. शिवाय वादळात सुटलं तर तेच शिल्प रीफवर आपटतं. परवानगी आणि बायोलॉजिस्टचा होकार, दोन्ही हवेत. भाजलेली माती मात्र गुणाची आहे. सच्छिद्र, खरबरीत, त्यावर आधी गुलाबी चुनखडी शैवाल चढतं आणि त्याच्या खुणेनं प्रवाळाच्या अळ्या येऊन बसतात. हाँगकाँग विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये होई हा वानच्या सागरी उद्यानात टेराकोटाच्या फरशा थ्रीडी प्रिंट करून तळाशी मांडल्या. त्याआधी २०१८ मध्ये मालदीवच्याच समर आयलंड रिसॉर्टवर अॅलेक्स गोड या ऑस्ट्रेलियन डिझायनरची रचना बसवली गेली. थ्रीडी प्रिंट केलेल्या साच्यांतून ओतलेले सिरॅमिकचे २२० तुकडे, आत काँक्रीट भरून एकमेकांत अडकवलेले. मुलांच्या जोडायच्या ठोकळ्यांसारखी जोडणी. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते पृष्ठभागावरचे खाचखळगे, कारण लहान जीव लपतो तो तिथेच. तुझ्या बोटांचे ठसे असलेली, ग्लेझ न दिलेली फरशी यासाठी चांगली. ग्लेझ दिलंस तर ती समुद्राला निरुपयोगी.

पाहुण्यांच्या कार्यशाळेत काय घ्यायचं हा प्रश्न नेहमी येतो. मी क्रोशे घेते. प्रवाळाच्या झालरीसारख्या कडा म्हणजे गणितातला हायपरबोलिक पृष्ठभाग; प्रत्येक ओळीत टाके वाढवत गेलं की लोकर आपोआप तशी मुरडते. डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हे क्रोशेनं करून दाखवलं, आणि वर्थहाइम बहिणींनी २००५ पासून त्यातून लोकरीची अख्खी रीफ विणवून घेतली, हजारो बायकांच्या हातून. आपल्या आज्यांना टीव्हीवर टाकायचे रुमाल विणताना हा टाका येतच होता. पाहुणे दोन तास एका जागी बसतात, हात चालू असतात, आणि तेवढ्यात ब्लीचिंगबद्दल शांतपणे बोलता येतं.

पण पाहुण्यांइतकाच वेळ शेजारच्या बेटावरच्या शाळेला दे, आणि तेही करारात घाल. मी गेले त्या वर्गात रीफपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कितीतरी मुलांनी मास्क लावून पाण्यात कधी बघितलंच नव्हतं. टीमनं त्यांना नेलं. परत आल्यावर मी फक्त कागद दिले. एका मुलीनं कागदभर मासे काढले आणि मधोमध मोकळी जागा ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, तिथे माझा श्वास होता, बुडबुडे होते, त्यामुळे काही दिसलं नाही.

बालीत पेमुतेरान गावात मला गाव आणि हॉटेलं एकत्र काम करताना दिसली. तिथे पूर्वी सुरुंग आणि सायनाइडनं मासेमारी व्हायची. २००० पासून गावानं लोखंडी सांगाड्यांतून कमी दाबाचा विद्युतप्रवाह सोडून प्रवाळ वाढवायला घेतलं. त्या प्रवाहानं समुद्रातला चुना लोखंडावर जमत जातो. गावातलेच लोक समुद्राची राखण करतात, किनाऱ्यावरची हॉटेलं हातभार लावतात. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथे मी कुणाच्या ताब्यात होते म्हणशील, तर राखण करणाऱ्या पोरांच्या. सगळ्यात चांगलं काम मी तिथेच केलं.

राहिला पोहण्याचा प्रश्न. याला पर्याय नाही. काठावर बसून प्रवाळ रंगवलंस तर पोस्टकार्डं होतील. तुझ्या हातात किती वेळ आहे ते लिहिलं नाहीस, पण दोन महिने असतील तर पुरे. तलावात पोहायला शीक, मग तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायविंगची संस्था आहे, तिथे मास्क आणि नळीचा सराव कर. आणि मालदीवला जाण्याआधी मालवणचं प्रवाळ बघून ये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे, १९८७ पासून तो सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य आहे. पाणी गढूळ असतं, रंग मालदीवसारखे दिसणार नाहीत. दगडासारखी, पानासारखी, राखाडी-शेवाळी प्रवाळं. पण पावसाळ्याचा गाळ आणि बोटींची वर्दळ सोसून ती तिथे आहेत. उभं राहायला दगड समजून लोक त्यांच्यावर पाय देतात, ते तुला दिसेल आणि राग येईल. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तीही प्रवाळाचीच. इतक्या दूर तुला आता जाता येणार नाही, पण नकाशात तुझ्या गावासमोर ती कुठे येते ते बघून ठेव. मालदीवच्या टीमला तुझ्या घरच्या रीफबद्दल सांगता आलं की बोलणं बरोबरीचं होतं.

हॉटेलकडून कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. टक्क्यांचं कलम, वाळू उपशाचं उत्तर आणि रोज सकाळी कुणाला भेटायचं त्याचं नाव, ही तीन पानं आधी वाचेन. आणि तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एकही चित्र पूर्ण करू नकोस. एक फांदी निवड, तिचा नंबर लिहून ठेव, आणि रोज तिच्याकडे जा.